दाखवलं एक, चिकटवलं दुसरंच : गाडीच्या आतल्या कामातली फसवणूक

गाडीच्या आतल्या भागांना नवा रंग किंवा नवं आवरण करून घ्यायचा विचार असेल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचा. बाहेरचा रंग वाईट मारला तर गाडी ताब्यात घेतानाच कळतं. आतलं काम मात्र पहिल्या दिवशी सगळ्यांचंच छान दिसतं. खाली प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) आहे की नाही, कापडामागे कोणतं सोल्यूशन (चिकटवायचा गोंद) लावलंय, दाराच्या पॅडमागे काय फाडून ठेवलंय, हे तेव्हा दिसत नाही. आमच्याकडून २८,००० रुपये घेतले गेले ते याच न दिसणाऱ्या भागाच्या जोरावर.

आम्ही अकोल्याचे. गाडी जुनी डिझेल सेडान, आतून बेज. बेज रंगाच्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. हात लागून लागून दारांचे पॅड काळपटतात, छताचं कापड मधोमध लोंबू लागतं, डॅशवरची लाकडासारखी पट्टी पांढुरकी पडते. इंजिन मात्र उत्तम होतं, त्यामुळे गाडी बदलण्यापेक्षा आतून नीट करून घ्यावी असं घरात ठरलं. बाबांची गाडी आहे, त्यांचा तिच्यावर जीव आहे. म्हणून स्वस्त काम शोधायचं नाही, चांगलंच करून घ्यायचं, असं मी आधीच ठरवलं होतं.

दुकान जवळच्या मोठ्या शहरातलं, चांगलं चालणारं. काउंटरवर नमुन्यांची जाड वही होती. मालकाने चार गोष्टी कबूल केल्या. दारांच्या पॅडवर पीयू (पॉलियुरेथेन) लेदर म्हणजे कृत्रिम चामडं, पॅडच्या मधल्या भागात आणि खांबांवर (काचांच्या मधले, छताला धरणारे उभे भाग) मखमलीसारखं मऊ अल्कांटारा, डॅशच्या पट्ट्या आणि गिअरभोवतीच्या कन्सोलला हार्डनरवाला (रंग पक्का करणारं रसायन घातलेला) पीयू पेंट, आणि छताला फोमचं नवं कापड. मी प्रत्येक नमुन्याचा फोटो काढला आणि तिथेच त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून खाली लिहिलं, "हेच लावणार ना?" उत्तर आलं, "होय ताई, सेम टू सेम. पाच वर्षं बघायचं काम नाही." हे संभाषण पुढे फार उपयोगी पडलं.

गाडी मिळाली तेव्हा आतून चकचकीत होती. बाबा तर खूश झाले. मग उन्हाळा लागला.

सुरुवात कन्सोलपासून झाली. सॅनिटायझर लावलेला हात गिअरजवळ टेकला की तिथला रंग चिकट व्हायचा आणि बोटाचा ठसा उमटायचा. हार्डनर घालून नीट सुकवलेला पीयू पेंट सॅनिटायझरने असा विरघळत नाही. हवेवर वाळणारा साधा लॅकर, म्हणजे बाजारात स्प्रेच्या डब्यात मिळतो तसला, अल्कोहोल लागलं की मऊ पडतो. थोड्याच दिवसांत नखाने खरवडलं तर पापुद्रा निघू लागला आणि खाली जुनी चकचकीत पट्टी जशीच्या तशी दिसली. तिच्यावर पॉलिश पेपरचा एक ओरखडाही नव्हता.

पाठोपाठ खांबांवरच्या कापडाला फुगे आले. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत डॅश ७०-८० अंशांपर्यंत तापतो. दुकानाला फोन केला तर म्हणाले, "तुमच्याकडे ऊन फार आहे ताई, त्याला आम्ही काय करणार?" विदर्भात धंदा करणाऱ्या माणसाने हे उत्तर द्यावं याचा मला आजही राग येतो. ऊन काही त्या वर्षी नव्याने पडलं नव्हतं. दुसऱ्या फोनला "तुम्ही पॉलिश मारलं असेल", तिसऱ्याला "लेबरची गॅरंटी नसते". त्यानंतर फोन घेणं बंद झालं.

सगळ्यात वाईट प्रकार पहिल्या मोठ्या पावसात झाला. गाडी नुसती अंगणात उभी होती, तरी सकाळी पुढच्या सीटखालचं कार्पेट पिळून पाणी निघेल इतकं ओलं. काचा बंद, दारांची रबरं धड. पाणी कुठून आलं हे आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्यालाही कळेना. शेवटी त्याने कुशनचं काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे पाठवलं. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. हयातभर ट्रकच्या सीटा, टॅक्सीची छतं आणि दारांचे पॅड करत आलेला माणूस.

चाचांनी पॅड काढला आणि मला जवळ बोलावलं. "बेटा, हे बघ. इथे एक प्लास्टिकचा कागद असतो." दाराच्या पत्र्यावर, पॅडच्या मागे, काळ्या चिकट डांबरासारख्या पट्टीने एक प्लास्टिकची शीट चिकटवलेली असते. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, उतरलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि ते गाडीच्या आत येऊ नये म्हणून ही शीट असते. आमच्या चारही दारांतली शीट फाडून गुंडाळी करून आत कोंबलेली होती. वेळ वाचवायला. क्लिपाही निम्म्या तुटलेल्या, तिथे पॅडला स्क्रू मारून दिले होते. दारं रस्त्यावर खडखडत होती ती त्यामुळे.

मग त्यांनी पॅड उलटा करून त्यावरची छोटी अक्षरं दाखवली. पीपी. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. गाडीच्या आतल्या बहुतेक सुट्या भागांच्या मागे ते कोणत्या प्लास्टिकचे आहेत हे दोन टोकदार कंसांमध्ये छापलेलं असतं. पीपी, एबीएस किंवा पीसी अधिक एबीएस. सगळं काम या अक्षरांवर ठरतं, आणि आमच्या दुकानदाराने ती वाचलीही नसावीत. एबीएसवर पॉलिश पेपर मारून प्लास्टिक प्रायमर दिला की रंग बसतो. पीपी मेणासारखं असतं, त्यावर रंगही धरत नाही आणि सोल्यूशनही. त्याला वेगळा, खास पीपीसाठीचा प्रायमर आधी द्यावाच लागतो. आणि त्याही आधी, वर्षानुवर्षं मारलेलं डॅशबोर्ड पॉलिश धुऊन काढावं लागतं. त्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं आणि ते राहिलं तर वरचा कोणताही थर पकडत नाही. आमच्या पॅडवर ना धुलाई, ना पेपर, ना प्रायमर.

"लेदर" सोलायला चाचांना जोर लावावा लागला नाही. कडेने धरलं आणि कागदासारखं निघून आलं. चांगला कारागीर आवरण पॅडच्या मागे बोटभर वळवून चिकटवतो, वर स्टेपल मारतो. इथे पुढच्याच कडेवर ब्लेडने कापून सोडलं होतं, आणि ब्लेडचे खोल चरे मूळ प्लास्टिकवर कायमचे उमटले आहेत. माल पीयू नव्हताच. साधं पीव्हीसी रेक्झिन, आणि तेही पातळ. मी मोबाइलमधला नमुन्याचा फोटो दाखवला तर चाचा म्हणाले, "दाखवलं ते चांगलं आहे. लावलं ते वेगळं आहे." दाण्याचा छाप तेवढा जवळपास सारखा निवडला होता.

अल्कांटाराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे नाव सध्या सर्रास फेकलं जातं. हे कापडाच्या प्रकाराचं नाव नाही, इटलीतल्या एका कंपनीच्या मालाचं नाव आहे. मूळ तंत्र १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीत विकसित झालं. अतिशय बारीक पॉलिएस्टर तंतू आणि पॉलियुरेथेन यांचं ते बनतं, जनावराच्या कातड्याचा त्यात संबंध नाही. ते मीटरला काही हजार रुपये जातं. तेव्हा चार दारं आणि खांब मिळून दोन-तीन हजारांत "ओरिजिनल" कुणी देत असेल, तर तो दुसरंच काही देतोय. नकली स्वेड (मखमली पोताचं कापड) वापरायला माझी हरकत नाही, काही नकली स्वेड छान टिकतात. पण त्याचं नाव आणि दर त्याचेच सांगा. आमच्या खांबांवर जे निघालं ते दागिन्यांच्या डब्यात असतं तसलं, कागदी अस्तरावर लव चिकटवलेलं कापड होतं. आणि गाडीत काय लावायचं याला आगीची बाजूही आहे. गाडीच्या आतलं सामान किती वेगाने पेट घेतं याचं आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. कंपनीतून आलेलं कापड त्या कसोटीतून गेलेलं असतं, पडद्याच्या दुकानातलं गेलेलं नसतं.

खऱ्या लेदरच्या बाबतीतही हीच लबाडी चालते. खरं चामडं चौरस फुटावर विकलं जातं आणि त्याच्या कडा वाकड्यातिकड्या असतात, कारण ते जनावराच्या आकाराचं असतं. सरळ कडांचा, साधारण ५४ इंच पन्ह्याचा, मीटरवर मोजून दिलेला गठ्ठा "नापा लेदर" म्हणून कुणी दाखवला, तर ते रेक्झिन किंवा पीयू आहे. मागून विणलेलं कापड दिसलं तरी तेच.

छताचं काम चाचांनी नुसतं बोटाने दाबून ओळखलं. जुन्या कापडाच्या मागचा फोम काही वर्षांनी भुसा होतो. नवं कापड लावण्याआधी तो भुसा ब्रशने पूर्ण काढावा लागतो, आणि त्यासाठी छताचा पुठ्ठा गाडीबाहेर काढावा लागतो. कंटाळवाणं, अंग माखवणारं काम. आमच्याकडे भुशावरच सोल्यूशन मारून नवं कापड ताणलं होतं. सोल्यूशनने भुसा धरला, छत नाही. सोल्यूशनही फर्निचरचं. उष्णता सोसणारं वेगळं मिळतं, ते दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटणार नाही इतकं सुकू देऊन मग दाबायचं असतं. ओलं असतानाच दाबलं की आतला थिनर अडकतो आणि उन्हात फुगे धरतो.

एका गोष्टीने मात्र माझा थरकाप झाला. "भेट म्हणून" दुकानाने डॅशवरही शिलाईचं रेक्झिन चढवून दिलं होतं. डाव्या बाजूला जिथे एअरबॅग लिहिलेलं होतं, ती अक्षरं झाकून. एअरबॅग फुटताना डॅशचं ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटावं अशी रचना असते. वर जाड, न फाटणारं आवरण घट्ट चिकटवलं तर बॅग उशिरा किंवा भलत्या दिशेने उघडू शकते. त्या सीटवर माझी आई बसते. चाचांना सांगून ते त्याच दिवशी काढून टाकलं. नव्या गाड्यांमध्ये खांबांच्या आवरणांमागे पडदा एअरबॅग असतात आणि काहींच्या सीटच्या कडेलाही असतात. जिथे जिथे एअरबॅगची अक्षरं दिसतील तिथे कापड, रेक्झिन, फिल्म काहीही चढवू देऊ नका, दुकानदार कितीही "सगळे करतात" म्हणाला तरी.

आता पैशांचं. मी बिल मागितलं तेव्हा त्यांनी छापील बिल दिलं, पण वर फक्त "इंटिरिअर वर्क" आणि रक्कम. जीएसटी क्रमांक होता. तो १५ अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. आमच्या बिलावरचा क्रमांक भलत्याच धंद्याचा निघाला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो जोडले. त्यानंतर दुकानातून पहिल्यांदा आपणहून फोन आला आणि अर्धे पैसे देऊ केले, "लेखी द्या की तक्रार नाही" या अटीवर. मी नकार दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. आमची तक्रार दाखल झाली आहे. चाचांनी सोललेले तुकडे, फाटलेली शीट आणि नमुन्यांचे फोटो मी पुरावा म्हणून जपून ठेवले आहेत.

काम करून घ्यायचंच असेल तर नमुन्याचा बोटभर तुकडा कापून मागा आणि बिलाला स्टेपल करून त्यावर सही घ्या. नाही म्हणणाऱ्या दुकानातून तिथल्या तिथे निघा. बिलावर प्रत्येक भागाचा माल, प्रायमर आणि पेंट नावानिशी लिहून घ्या. पॅड उघडले की फोटो पाठवा असं सांगा, एक शीट दिसणारा आणि एक मागची अक्षरं दिसणारा. प्रामाणिक कारागिराला हे पाठवायला मिनिटभर लागतं. सुटे भाग स्वतः उतरवून नेता आले तर आणखी चांगलं, मग दारं कुणी फाडणार नाही.

आमची गाडी आता चाचांकडेच पूर्ण होते आहे. दारांना साधं, जाड, विणलेल्या अस्तराचं रेक्झिन, मागे वळवून स्टेपल केलेलं. ते त्यांनी रेक्झिन म्हणूनच विकलं. चारही दारांना नवी शीट आणि कंपनीच्या क्लिपा. खांबांचं कापड काढून मूळ प्लास्टिक साबणाने धुऊन तसंच ठेवलं, ते पुरेसं चांगलं दिसतं. कन्सोल आणि डॅशच्या पट्ट्या रंगवल्याच नाहीत. स्पेअर पार्टच्या दुकानात भाग क्रमांक देऊन चौकशी केली तर त्या नव्याच मिळत होत्या, आणि आम्ही नुसत्या रंगासाठी दिलेल्या पैशांपेक्षा कमी किमतीत.