50 डेन्सिटी म्हणून घेतलेली 11 किलोची गादी

लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला सांगलीला आली, ती डॉक्टरांची एक सूचना घेऊनच. आता उताणं झोपायचं नाही, कुशीवर झोपायचं, शक्यतो डाव्या. उताणं झोपलं की वाढलेल्या पोटाचा भार कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं होतं.

आमच्या घरात काथ्याची कडक गादी. आम्हा दोघांना तिची वर्षानुवर्षांची सवय. लेक मात्र रात्री दोन-दोन वाजता उठून बसायची. "आई, हाताला मुंग्या येतात गं, खुबा ठणकतो." कुशीवर झोपलं की अंगाचा बहुतेक भार खांदा आणि खुबा या दोनच ठिकाणी येतो. कडक गादीत ते रुतत नाहीत आणि कमरेचा खळगा अधांतरी राहतो. मऊ गादी हवी होती, यात माझं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे.

दुकानात गेल्यावर मी मऊ गादी दाखवा म्हणाले आणि का हवी तेही सांगून टाकलं. दुकानदाराने लगेच 72 बाय 60 ची, सहा इंच जाडीची गादी पुढे केली. "काकू, ही पूर्ण मेमरी फोम, 50 डेन्सिटी. बाळंतिणीसाठी हीच नेतात सगळे." त्याने तळहात दाबून दाखवला. पंजाचा ठसा उमटला आणि हळूहळू भरून आला. मलाही दाबायला लावलं. लेक दोन मिनिटं कुशीवर पडली, म्हणाली, छान वाटतंय. आत पाहू का विचारलं, तर "चेन उघडली की वॉरंटी गेली." पक्कं बिल मागितलं, तर "जीएसटी वेगळा लागेल, कशाला?" साडेअठरा हजार मोजले आणि एका चिठ्ठीवर 'गादी 1 नग' एवढं लिहून घेऊन आम्ही घरी आलो. 50 डेन्सिटी हा शब्द कागदावर कुठेच नव्हता. वॉरंटी कार्डावर दहा वर्षं मात्र ठळक छापली होती.

पहिले आठ-दहा दिवस लेक शांत झोपली. मग कूस बदलताना तिला हाताचा टेकू घ्यावा लागू लागला. तीन आठवड्यांत खुब्याची जागा इतकी दबली की ती झोळीत झोपल्यासारखी दिसायची, कंबर खाली आणि खांदे वर. आधी खुबा दुखत होता, आता कंबर धरली. नऊ महिन्यांचं ओझं घेऊन माझी मुलगी पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहायची आणि हे मी स्वतः विकत आणलेल्या गादीमुळे, हे मला अजून सोसत नाही.

दुकानदाराने माणूस पाठवला. त्याने रिकाम्या गादीवर पट्टी आडवी ठेवली, खोली मोजली. एक इंच. कार्डावर बारीक अक्षरात अट होती, दीड इंचापेक्षा खोल खड्डा पडला तरच वॉरंटी. अहो, हलका फोम माणूस उठला की बराचसा वर येतो! खड्डा पडतो तो माणूस झोपल्यावर आणि मोजतात मात्र रिकामी गादी. मी म्हटलं, हिला झोपवून मोजा. तो म्हणाला, तशी पद्धत नाही.

त्या रात्री जावयांनी चेन उघडली. वर जेमतेम एक इंच मेमरी फोम. पंजाचा ठसा उमटतो तो तेवढ्याच थरात. खाली पाच इंच साधा पांढरा फोम, चिमटीत धरला तर कागदासारखा चपटा होणारा. शेजारच्या गल्लीत सोफे शिवणारे एक काका आहेत, तीस वर्षं याच धंद्यात. त्यांना बोलावलं. त्यांनी फोम हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "वजन केलंत का?"

मऊपणा आणि डेन्सिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मऊपणा म्हणजे दाबल्यावर फोम किती जातो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, म्हणजेच त्यात माल किती आणि हवा किती. मऊ फोम भरीवही असतो आणि पोकळही. दुकानात दोन मिनिटं पडून दोन्ही सारखेच वाटतात. फरक कळतो तो रोज रात्री त्याच जागी भार पडल्यावर. पोकळ मऊ फोम खचतो, भरीव मऊ फोम खांद्याला जागा देऊन कंबर धरून ठेवतो.

हिशोब काकांनी जुन्या पावतीच्या पाठीवर करून दिला. लांबी, रुंदी, जाडी इंचांत घेऊन गुणायची आणि 61,000 ने भागायचं, की घनमीटर मिळतात. आमची गादी 72 गुणिले 60 गुणिले 6, म्हणजे 25,920. भागून साधारण 0.425. त्याला 50 ने गुणलं की 21 किलो. आमची गादी काट्यावर चढवली, कव्हरसकट 11 किलो भरली. या सांगलीत हळदीचं पोतं कोणी काट्याशिवाय घेत नाही आणि मी गादी हाताने दाबून घेतली होती.

काकांनी आणखी एक गोष्ट बजावली. वजन भरलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. फोमचे तुकडे चिकटवून केलेला रंगीबेरंगी ठिपक्यांचा फोम खूप जड असतो आणि कडकही. तो तळाला घातला की वजन भरतं. म्हणून चेन उघडून थर मोजायचे आणि प्रत्येक थराची जाडी व डेन्सिटी बिलावर लिहून घ्यायची. जो दुकानदार चेन उघडू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. गादीवर 'ऑर्थोपेडिक' लिहिलंय म्हणूनही घेऊ नका.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे समजलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल 30 दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. नशिबाने पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद आहे. चेन उघडताना जावयांनी व्हिडिओ काढला, काट्यावरचा आकडाही त्यात आहे. दुकानदाराने अर्धे पैसे देऊन मिटवायचा निरोप पाठवला. मी नाही म्हटलं. आयोगाकडे अर्ज दिला आहे.

लेकीला मात्र आयोगाच्या तारखेपर्यंत थांबता येणार नव्हतं. काकांनी आमच्या जुन्या काथ्याच्या गादीवर टाकायला दोन इंची मऊ मेमरी फोमचा थर आणला, 72 बाय 36. 50 डेन्सिटीच्या हिशोबाने तो सव्वाचार किलो व्हायला हवा होता. त्यांनी पैसे घेण्याआधी तो माझ्यासमोर काट्यावर ठेवला. 4 किलो 200 ग्रॅम. त्या रात्री दोन वाजता मी सवयीने उठून तिच्या खोलीत डोकावले. ती डाव्या कुशीवर गाढ झोपली होती.