एए मिटिंगचे आठ महिने : सगळं फुकट, फक्त फाटक सापडत नाही

मार्चमध्ये शाळेत बोर्डाचं परीक्षा केंद्र आलं की संध्याकाळी त्याच वर्गात भरणारी एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या निनावी संघटनेची, मिटिंग उठते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीत मात्र वार, वेळ, शाळेचं नाव जसंच्या तसं. साडेसातला कुलपापुढे पहिल्यांदाच आलेला माणूस उभा, आणि कोपऱ्यावरचं वाइन शॉप उघडं. आठवड्याला चार मिटिंगा, असे आठ महिने झाल्यावर मोठी तक्रार एवढीच आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा करणार आहे.

बारा पायऱ्या, १९३५ साली अमेरिकेत झालेली सुरुवात वगैरे सांगत बसत नाही. कामाचं सांगतो. यादीतला पत्ता अर्धाच असतो. मिटिंग पालिकेच्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये किंवा समाजमंदिरात भरते आणि बाहेर बहुधा पाटी नसते. शाळेचं मोठं फाटक संध्याकाळी बंद असतं. आत जायचं ते मागच्या गल्लीतल्या लहान दारानं. वॉचमनला ‘एए’ म्हटलेलं कळेलच असं नाही, ‘संध्याकाळची मिटिंग’ म्हणून बघा. त्याहून बरं म्हणजे यादीतल्या नंबरवर दुपारीच फोन करायचा आणि विचारायचं : आज नक्की आहे का, कुठलं फाटक, कितवा मजला, बोलणं मराठीत की हिंदी-इंग्रजीत, आणि ओपन की क्लोज्ड. ओपनला घरचे सोबत बसू शकतात. क्लोज्डला फक्त ज्याची स्वतःची दारू सुटायची आहे तो. बायको दोन बस बदलून सोबत आली आणि दारात कळलं क्लोज्ड आहे, तर ती पुन्हा येणार नाही.

परीक्षा, मतदान केंद्र, दिवाळीची सुट्टी, मे महिन्यातली रंगरंगोटी, या सगळ्यात वर्ग जातो. म्हणून एकाच ग्रुपवर, म्हणजे एकाच जागी भरणाऱ्या मिटिंगवर, विसंबू नका. वेगवेगळ्या वारांचे दोन ग्रुप आणि झूमवरची एक मिटिंग हाताशी ठेवा. नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा हा जुन्या मेंबरांचा सल्ला एका ग्रुपच्या भरवशावर पाळताच येत नाही.

सुरुवातीला वाटायचं, पाटी न लावणं हा निव्वळ आळस. हे मत बदललं. समोरच्या पानटपरीवर ऑफिसातलं कोणी उभं असेल तर पाटीखालून आत शिरायला पाय उचलत नाही. पण निनावी राहायचं ते माणसांनी, फाटकानं कशाला?

खर्चाच्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात दहा-वीस रुपये टाकतात. पहिल्यांदा आलेल्यानं टाकले नाहीत तरी चालतं. भाडं, चहा, पुस्तकं यातूनच निघतं, कारण बाहेरची देणगी एए घेत नाही. ‘ॲडमिट करू, महिन्याचे इतके’ असं कोणी म्हणालं तर ते व्यसनमुक्ती केंद्र असेल, एए नव्हे. खरा खर्च रिक्षाचा.

मिटिंग तास-दीड तासाची. दोन मिनिटं शांतता, वाचन, मग एकेकाचं शेअरिंग. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. मन मोकळं करून खाली बसावं आणि समोरून एक शब्द येऊ नये, हे आधी कोरडं वाटतं. पण उलटतपासणी होणार नाही म्हटल्यावरच माणूस लपवलेल्या क्वार्टरबद्दल बोलतो. प्रश्न विचारायचे ते नंतर चहाला. प्रार्थना संपताच चप्पल शोधणाऱ्याला निम्मी मिटिंग मिळतच नाही, फोन नंबर त्या चहावरच मिळतात. स्पॉन्सर, म्हणजे हाताला धरून वाट दाखवणारा जुना मेंबर, पहिल्या आठवड्यात ठरवू नका. चार-सहा मिटिंगा ऐका, मग विचारा. पुरुषानं पुरुषाला आणि बाईनं बाईला विचारावं, असाच रिवाज आहे. बऱ्याच ग्रुपमध्ये बायका एक-दोनच असतात, त्यामुळे महिलांची वेगळी मिटिंग कुठे आहे हेही फोनवरच विचारावं.

मिटिंग म्हणजे दवाखाना नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग किंवा सोबतच मिटिंग. सरकारी हेल्पलाइन १४४४६ फुकट आहे. एखादा जुना मेंबर ‘मानसोपचाराच्या गोळ्या कशाला?’ म्हणाला तर ऐकू नका. मेंबरांनी डॉक्टरकी करू नये असं एएचंच साहित्य सांगतं.

घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. पिणारा मिटिंगला येत नसला तरी त्यांना जाता येतं. त्यांच्या पत्त्यांचंही हेच रडगाणं.

आता जून. शाळा उघडल्या, वर्ग परत मिळाले. पण नव्या वर्षात खोल्या बदलतात, तेव्हा पहिल्या मजल्यावर अंधार दिसला म्हणून परत फिरू नका. तळमजल्यावर, मागच्या बाजूला बालवाडीच्या खोलीत बघा.