मॅक स्टुडिओ: तीन लग्नसराया वापरून झाल्यावर

सांगलीत लग्नाचं आणि नाटकाचं शूटिंग-एडिटिंग करतो, ऑफिस विश्रामबागला. ॲपलचा मॅक स्टुडिओ हा छोटा डेस्कटॉप कॉम्प्युटर, एम१ मॅक्स चिपचा, ६४ जीबी रॅमवाला, गेले तीन सीझन रोज दहा-बारा तास चालतोय. "ॲपलनं प्रो, म्हणजे यावर धंदा करणाऱ्या, लोकांना वाऱ्यावर सोडलंय, घेऊ का नको" असं बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काम. मिररलेस कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेलं, जड) फुटेज आधीच्या असेंबल्ड मशिनवर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या कॉप्या, केल्याशिवाय हलायचं नाही, म्हणजे रात्रभर प्रॉक्सी लावून ठेवायच्या आणि सकाळी कामाला बसायचं. इथं कार्ड समोरच्या स्लॉटमध्ये घातलं की थेट टाइमलाईनवर, कारण एचइव्हीसी आणि प्रोरेस या व्हिडिओ फॉरमॅटसाठी चिपमध्येच वेगळं हार्डवेअर आहे. भावे नाट्यमंदिरात तीन कॅमेऱ्यांवर घेतलेलं अख्खं नाटक मल्टिकॅमला (सगळे कॅमेरे एकत्र जुळवून एडिट) लावतो, कुठं अडत नाही. आवाज नाही, मे महिन्यातपण नाही. आणि लाईटचं तर बोलायलाच नको, हा फुल लोडवर ११५ वॅटच्या आसपास खातो त्यामुळं साधा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, लाईट गेली तरी प्रोजेक्ट सेव्ह करून निवांत बंद करता येतं. २०१९ च्या पुरात ऑफिस गावभागात होतं, तेव्हा टॉवर, यूपीएस, हार्ड डिस्क असं सगळं खांद्यावरून वरच्या मजल्यावर नेलेलं अजून आठवतंय. हा पावणेतीन किलोचा डबा एका हातात उचलता येतो.

आता खरा मुद्दा. प्रो लोकांची शंका काही उगाच आलेली नाही. २०११ च्या जूनमध्ये ॲपलचं एडिटिंग सॉफ्टवेअर फायनल कट प्रो टेन आलं तेव्हा त्यात जुन्या फायनल कटचे प्रोजेक्ट उघडत नव्हते आणि मल्टिकॅमच नव्हतं, ते २०१२ च्या जानेवारीत परत आलं. २०१३ चा गोल काळा मॅक प्रो (ॲपलचा जड कामाचा मोठा कॉम्प्युटर) दोन मध्यम ग्राफिक्स कार्डं धरून बनवला होता, पुढं सगळे एकाच मोठ्या तापणाऱ्या कार्डाकडं वळले आणि ते त्या नळकांड्यात बसेना. २०१७ मध्ये कंपनीनं स्वतः हे कबूल केलं, तरी नवा टॉवर यायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. सहा वर्षं! त्या टॉवरमध्ये दीड टीबी रॅम बसायची, ग्राफिक्स कार्ड बदलता यायचं, एएमडीचं. आणि २०२३ च्या एम२ अल्ट्रा चिपवाल्या मॅक प्रोत रॅम १९२ जीबीवर थांबली, ती पण पॅक, म्हणजे नंतर न वाढणारी, आणि बाहेरचं ग्राफिक्स कार्ड चालतच नाही. स्लॉट आहेत खरे, पण माझ्यासारख्याला त्यांचा उपयोग काय?

म्हणून माझं मत असं की एडिट करणाऱ्याकडं ॲपलचं लक्ष आहे, उलट आपल्या कामाला इतकं चांगलं मशीन त्यांनी आधी कधी दिलं नव्हतं, पण मशीन हळूहळू वाढवणाऱ्याला त्यांनी सोडलंय. आणि आपल्याकडचे बहुतेक सगळे तसलेच आहेत हो. आपला पैसा लग्नसराईत येतो. या सीझनला रॅम, पुढच्या सीझनला कार्ड, मग एसएसडी, अशी मशिनं उभी राहतात, जसं घरावर एकेक खोली चढवतात तसं. रॅमची एक स्टिक गेली तर चौकातला कॉम्प्युटरवाला तासाभरात बदलून देतो. मॅक स्टुडिओत रॅम चिपलाच जोडलेली, म्हणजे पाच वर्षांनी काय लागेल ते घेतानाच ठरवायचं आणि त्याचे पैसे पण त्याच दिवशी मोजायचे. नवीन धंदा टाकलेल्या पोराला हे कसं जमणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर फक्त एडिटिंग करणार असाल तर बिनधास्त घ्या. थ्रीडीचं जड काम असेल, एनव्हिडियाचं कार्ड लागणार असेल तर याच्या नादी लागू नका. ५१२ जीबीची एसएसडी चालेल, फुटेज तसंही बाहेरच्या ड्राइव्हवर असतं, त्यात वाचलेले पैसे रॅममध्ये घाला. मिरजेचा माझा मावसभाऊ तुळशीच्या लग्नानंतर घेणार आहे, ३२ जीबी रॅमवर अडलेला, त्याला म्हटलंय एक सीझन थांब पण ६४ चाच घे.