बूस्टर सीट घेताय? आधी कव्हर काढून बघा

गाडीत लहान मुलांसाठी लागणारी बूस्टर सीट जुनीच घ्यायची, तिला नवं कव्हर शिवायचं, नवा स्टिकर चिकटवायचा आणि 'इम्पोर्टेड, ब्रँड न्यू' म्हणून विकायची, असा उद्योग पुण्यात चालतो. आम्हाला तो साडेसहा हजारांना पडला. पैशांचं वाईट वाटतंच. पण त्या सीटवर लेकीला बसवून आम्ही खंबाटकी उतरून कोल्हापूरला जाणार होतो, ते आठवलं की अजून डोकं फिरतं. निघायच्या आधी प्रकार लक्षात आला म्हणून बरं.

लेक साडेचार वर्षांची. उंची 116 सेंटिमीटर, वजन जेमतेम 18 किलो. सासूबाई तिला शेवग्याची शेंग म्हणतात. तिच्या जुन्या सीटला स्वतःचे पट्टे होते, पण तिचे खांदे पट्ट्यांच्या सगळ्यात वरच्या खाचांच्याही वर गेले. पुढे तोंड करून बसणाऱ्या मुलाचे खांदे तिथवर पोचले की ती सीट संपली, मग वय काहीही असो. नातेवाइकांचं म्हणणं एकच, "एवढी उंच झाली, आता लावा की साधा बेल्ट!" पण उंची वाढली म्हणून कमरेची हाडं मोठ्या माणसासारखी होत नाहीत. गाडीचा बेल्ट मोठ्यांच्या मापाचा असतो. नुसत्या सीटवर बसवलं की मूल पाय दुमडायला पुढे घसरतं, कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि जोरात ब्रेक लागला किंवा टक्कर झाली की सगळा भार आतड्यांवर येतो. बूस्टरचं काम एवढंच की मुलाला वर उचलायचं, म्हणजे खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाला, हाडावर बसेल आणि वरचा पट्टा मानेला न लागता खांद्याच्या मधोमध येईल.

पाठ नसलेला नुसता पाट मला नकोच होता. हल्ली युरोपात नव्या बिनपाठीच्या बूस्टरला मान्यता मिळते ती 125 सेंटिमीटरच्या पुढच्या मुलांसाठी. आमची त्यात बसत नाही. शिवाय ती झोपली की कलंडते. त्यामुळे पाठीची, बाजूला पंख असलेली, डोक्याचा भाग वरखाली होणारी सीट शोधत होते. अशात एक रील समोर आलं: 'युरोपियन सर्टिफाइड आय-साइझ, 100 ते 150 सेंमी, लाँच ऑफर'. दुकान सिंहगड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत. बाहेर गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं मशीन घरघरत होतं, आत मुलांच्या सीट रचलेल्या. कव्हरं शिवणाऱ्याच्या दुकानात मुलांच्या सीट, हे तेव्हा सोयीचंच वाटलं होतं.

त्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला. "उंची किती, ताई?" वजन नाही, वय नाही, गाडी कुठली तेही नाही. उंच मुलांच्या आईबापांची दुखरी नस त्याला बरोबर ठाऊक होती. सीट काउंटरवर ठेवून लेकीला त्यात बसवलं, डोक्याचा भाग खटाखट वर नेला आणि म्हणाला, "बघा, वर अजून चार बोटं जागा आहे. दहावीपर्यंत बघायला नको." डोक्यावर जागा दिसली की गिऱ्हाईक खूश. पण डोक्यावर किती जागा आहे ह्यापेक्षा खांद्याचा बेल्ट ज्या खोबणीतून जातो ती खोबण खांद्याच्या वर येते का, हे बघायचं असतं. आणि काउंटरला बेल्ट नसतो. गाडीत लावून दाखव म्हटलं तर "इथे पार्किंगचे वांधे आहेत, ताई, टोइंगवाले उचलतील." पुण्यात हे कारण कुणालाही पटतं.

पुढची वाक्यं मुद्दाम लिहून ठेवते, कारण दुसऱ्या दुकानातही हीच ऐकू येतील. "आयसोफिक्स आहे, बेल्ट नाही लावला तरी चालतं." साफ खोटं! आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या सीटमधल्या कड्यांना अडकणारे हुक. अशा बूस्टरला ते फक्त जागेवर धरतात, मुलाला धरणारा असतो गाडीचाच बेल्ट. "मधे बसवा, मधली जागा सगळ्यात सेफ." आमच्या गाडीत मागे मधे नुसता कमरेचा पट्टा आहे, आणि बूस्टरला कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही लागतात. त्यावर कडी म्हणजे त्याने एक त्रिकोणी कापडी तुकडा फुकट दिला, बटणं लावून दोन्ही पट्टे एकत्र ओढून धरणारा. "मानेला लागला तर हे लावा." तो तुकडा खांद्याचा पट्टा खाली ओढतो हे खरं, पण त्याच वेळी कमरेचा पट्टा वर, पोटावर ओढतो. म्हणजे जे टाळायला बूस्टर घ्यायची तेच परत. ऑनलाइनही हे तुकडे मिळतात, घेऊ नका.

खोका नव्हता. "डिस्प्ले पीस आहे म्हणून तर एवढ्यात देतोय, नाहीतर साडेबारा हजार." पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वर लागेल म्हणाला. शेवटी एका छापील चिठ्ठीवर 'एस्टिमेट' म्हणून रक्कम लिहून मिळाली. पैसे यूपीआयने दिले, आणि क्यूआरवर दुकानाऐवजी कुणातरी माणसाचं नाव होतं.

घरी पार्किंगमध्ये सीट बसवली. डोक्याचा भाग शेवटच्या खटक्यापर्यंत नेला, तरी बेल्टची लाल खोबण लेकीच्या खांद्याच्या दोन बोटं खाली. म्हणजे बेल्ट खांद्यावरून मागे खाली ओढला जाणार. 150 सेंटिमीटर राहू द्या, ही सीट 116 लाच संपलेली. नवरा म्हणाला, कदाचित कव्हर अडकत असेल, काढून बघू.

कव्हर निघालं आणि खाली दुसरीच सीट निघाली. ज्या हुकांना कव्हरचं इलॅस्टिक अडकतं तिथे जुन्या करड्या कापडाचे धागे चिकटलेले होते. एका पंखातला थर्माकोल तुटून सेलोटेपने जोडलेला. बेल्टच्या खोबणीजवळ प्लास्टिकवर पांढऱ्या रेघा. प्लास्टिक वाकवलं की तशा उमटतात. आणि पाठीच्या खालच्या बाजूला रुपयाएवढं गोल घड्याळ: कडेने 1 ते 12 आकडे, मधे बाण आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना मिळून 13. साच्यातून निघणाऱ्या प्लास्टिकवर असा शिक्का असतो. बाण दाखवतो तो महिना, मधला आकडा वर्ष. बाण 9 वर होता. म्हणजे आमची 'ब्रँड न्यू' सीट सप्टेंबर 2013 मध्ये घडलेली. मधल्या काळात ती कुठल्या गाडीत होती, त्या गाडीला कधी ठोकर बसली का, देव जाणे. टक्कर झालेल्या गाडीतली सीट पुन्हा वापरायची नसते, कारण आतला तडा बाहेरून दिसेलच असं नाही.

मग स्टिकर नीट बघितला. दुकानदार आय-साइझ म्हणत होता आणि स्टिकरवर होतं 'ईसीई आर44/04, 9-36 किलो'. हे मुलांच्या सीटचे युरोपातले दोन वेगळे नियम आहेत. आर44 जुना, वजनावर चालणारा. आय-साइझ म्हणजे आर129, तो 2013 साली आला आणि उंचीवर चालतो. त्याच्या पट्टीवर, म्हणजे मान्यतेच्या स्टिकरवर, सेंटिमीटर असतात. खऱ्या पट्टीवर वर्तुळात 'ई' आणि त्याला लागून देशाचा आकडा असतो, 1 म्हणजे जर्मनी, 4 म्हणजे नेदरलँड्स. आमच्या वर्तुळात नुसताच 'ई'. नखाने कोपरा उचलला तर खाली जुन्या नारिंगी पट्टीचा फाटका तुकडा होता. त्यावर 15 किलोचा आकडा शिल्लक होता. म्हणजे ही सीट 9 किलोच्या मुलासाठी कधी नव्हतीच.

आपल्याकडचा ह्या सीटचा नियम एआयएस-072, तोही आर44 च्या वळणावरचा. ही मानकं निघतात गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या एआरएआय ह्या संस्थेतून, म्हणजे जिच्या नावाच्या टेकडीवर अर्धं कोथरूड सकाळी फिरायला जातं तिथून. नियम आपल्या टेकडीवर लिहिले जातात आणि गल्लीत हे चालतं. कायद्याचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 194बी आहे: चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट नसेल तर 1000 रुपये दंड. 'किंवा' आहे, त्यामुळे साडेचार वर्षांच्या मुलीच्या पोटावर चढलेला बेल्टही पोलिसांच्या लेखी चालतो. तेव्हा तपासायचं आपणच.

फोन केल्यावर दुकानदाराचा सूर बदलला. "कव्हर तुम्ही काढलंत, आता वापरलेला माल झाला. बोर्ड वाचला नाही का, विकलेला माल परत नाही?" त्या बोर्डाला फारशी किंमत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घेऊन पैसे न देणं हीसुद्धा. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापणं बंधनकारक आहे, ते वेगळंच. म्हणून तर खोका नव्हता.

आधी 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती दुकानदाराकडे पोचल्यावर तो तीन हजारांवर आला, अट एकच, रील खालची माझी कमेंट काढायची. नाही म्हटलं. मग नोटीस पाठवली आणि ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची असते. लिहिताना कंटाळा येतो, पण ग्राहकांसाठी लढणारी ग्राहक पंचायत 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ज्या गावात सुरू केली त्या गावात राहून एवढं तर करायलाच हवं. क्यूआरवरचं नाव आणि ती एस्टिमेटची चिठ्ठी, दोन्ही जोडलेत. पहिली तारीख पडायची आहे.

लेकीसाठी दुसरी सीट घेतली, ती आपल्या गाडीत लावून बघू देणाऱ्या दुकानातून, खोका आणि पक्क्या बिलासकट. खोबण खांद्याच्या वर येते, कमरेचा पट्टा हाडावर बसतो आणि ती झोपली तरी डोकं पंखात राहतं. दुप्पट पैसे गेले.

सिंहगड रस्ता, धायरी, वडगाव ह्या भागात कुणी अलीकडे बिनखोक्याची, निळ्या-काळ्या कव्हरची सीट 'डिस्प्ले पीस' म्हणून घेतली असेल, तर आज रात्री कव्हर काढा आणि पाठीमागचं घड्याळ बघा. वर्ष जुनं निघालं तर आधी घड्याळाचे, स्टिकरचे आणि पांढऱ्या रेघांचे फोटो काढा, मग दुकानात फोन करा. सीट परत दिली तर लेखी पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका, कारण एकदा ती त्याच्याकडे गेली की दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही आणि ती नवं कव्हर घालून दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाते.