उन्हाळ्यातील व्होल्युबिलिस आणि मेकनेस

मोरोक्कोतील व्होल्युबिलिस हे रोमन साम्राज्याच्या नैर्ऋत्य टोकाचे नगर पाहण्यासारखे आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी तिथे सकाळी दरवाजा उघडताच पोहोचावे, आणि दुपार मेकनेसच्या जुन्या शहरासाठी राखून ठेवावी. पारा चाळिशीपार जाणाऱ्या दिवसांत हा क्रम उलटा केल्यास दोन्ही ठिकाणांचा आनंद हातचा जातो.

मेकनेसहून हे अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे. थेट बसची सोय नसल्यामुळे सहसा टॅक्सी ठरवावी लागते. जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे पैसे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावेत, कारण परतीच्या वेळी भर उन्हात घासाघीस करण्याची ताकद उरत नाही. प्रवेशद्वाराजवळचे छोटे संग्रहालय मांडणीच्या दृष्टीने चांगले आहे. येथे सापडलेले मॉरेटानिया या प्राचीन राज्याचा राजा जुबा दुसरा आणि रोमन राजकारणी केटो यांचे कांस्य अर्धपुतळे पाहायचे असतील, तर मात्र राजधानी रबातच्या संग्रहालयात जावे लागते.

अवशेषांत सर्वाधिक वेळ द्यावा तो घरांतील मोझेक फरश्यांना. वीणेसारखे वाद्य वाजवणारा ग्रीक पुराणकथांतील गायक ऑर्फियस आणि त्याच्याभोवती जमलेले पशुपक्षी, हर्क्युलिसची बारा कृत्ये, गाढवावर उलटा बसून जिंकलेला पेला मिरवणारा कसरतपटू, अशी चित्रे त्या त्या घराच्या मूळ जागी उघड्यावर आहेत, आणि कोणत्या दालनात पाहुण्यांची उठबस होत असेल याचा अंदाज आपल्याला उभ्या जागी करता येतो. रंग मात्र धुळीने आणि उन्हाने फिके पडलेले दिसतात, आणि त्यांच्यावर छप्पर नसणे हे मला या स्थळाच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठे उणेपण वाटते. सकाळच्या तिरप्या प्रकाशात ते स्पष्ट दिसतात; दुपारी पाहणारा डोळे मिटून घेतो.

इ. स. 217 मधील काराकाल्लाची कमान हा येथील सर्वांत परिचित अवशेष. नगराने ती सम्राट काराकाल्ला आणि त्याची आई जुलिया डोम्ना यांच्या सन्मानार्थ उभारली. नागरिकत्व आणि करमाफी यांबद्दलची ती कृतज्ञता होती. कमानीपासून मुख्य रस्ता ईशान्येच्या वेशीपर्यंत जातो. रोमन काळात या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांवरचे आच्छादित पदपथ आणि त्यांमागे दुकाने होती, म्हणजे येथील माणसे सावलीतून चालत असत. आज खांब उरले आणि छप्पर गेले, त्यामुळे ऊन सरळ डोक्यावर येते. पूर्वी नगराची समृद्धी ऑलिव्ह तेलावर उभी होती आणि पन्नासहून अधिक घाणे येथे सापडले आहेत; आजूबाजूच्या टेकड्यांवरील ऑलिव्हच्या बागा पाहिल्या की हा धंदा अजून जिवंत आहे हे कळते. किमान दोन लिटर पाणी, रुंद टोपी आणि जाड तळव्याचे बूट यांवाचून येथे फिरू नये.

मेकनेसमध्ये सावलीचा प्रश्न सुटतो. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत दुपारीही चालता येते, आणि झाकलेल्या बाजारांत रेंगाळायला हरकत नाही. सुलतान मौलाय इस्माईलने (कारकीर्द 1672 ते 1727) ही आपली त्या काळची राजधानी घडवताना व्होल्युबिलिसचे दगड वाहून आणले. 1732 मध्ये पुरा झालेल्या बाब मन्सूर या वेशीतील संगमरवरी खांबही तेथूनच आणल्याचे सांगतात. सकाळी पाहिलेल्या नगरातले खांब संध्याकाळी येथे उभे असलेले पाहणे, हा या दोन स्थळांना एका दिवसात जोडण्याचा सर्वांत मोठा लाभ आहे. सुलतानाचे भव्य धान्यकोठार जाड भिंतींमुळे आत थंड राहते. त्याचे छप्पर 1755 च्या भूकंपात कोसळले. व्होल्युबिलिसचेही मोठे नुकसान त्याच भूकंपाने केले.

सूर्य कलल्यावर अल-हदीम चौकात बसायला जागा मिळते, आणि तेथून बाब मन्सूरचे हिरवे नक्षीकाम चांगले दिसते. वयस्कर मंडळी किंवा लहान मुले सोबत असल्यास मी व्होल्युबिलिससाठी एप्रिल किंवा ऑक्टोबरच सुचवेन.