सोनिक हेजहॉग नॉकआउट उंदीर : दीड वर्ष वापरल्यावर

खोकं उघडलं तेव्हा आमच्या अ‍ॅनिमल हाउसचे, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतो त्या जागेचे, मामा म्हणाले, "मॅडम, एवढा खटाटोप ह्याच्यासाठी? असली उंदरं शाहूपुरीत गुळाच्या वखारीत फुकट घावतील की!" वरवर बघता त्यांचं खोटं नव्हतं. काळी कुळकुळीत, चपळ उंदरं. फरक इतकाच की सोनिक हेजहॉग जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक मुद्दाम बंद केलेली; असं जनुक बंद करणं म्हणजेच नॉकआउट. नावाला हसू नका. फळमाशीत हे जनुक बिघडलं की अळीवर काट्यांचं रान माजतं, म्हणून हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी. 'सोनिक' व्हिडिओ गेममधून आलं.

खरा माल पुढच्या पिढीत. हेट, म्हणजे एकच प्रत बंद असलेली, नर-मादी एकत्र ठेवायची, रोज सकाळी मादीत प्लग (समागम झाल्याची खूण, घट्ट झालेला गोळा) बघायचा, दिसला की त्या दुपारी गर्भाचं वय अर्धा दिवस धरायचं आणि साडेचौदाव्या दिवशी गर्भ काढायचे. मेंडेलच्या हिशेबानं चारात एक पूर्ण नॉकआउट, म्हणजे दोन्ही प्रती बंद. पहिल्या खेपेला आठ गर्भ निघाले, त्यात दोन. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि चिमटा खाली ठेवून मी जरा वेळ नुसती बसले. चेहऱ्याच्या मधोमध एकच काळा डोळा, त्याच्या वर सोंडेसारखं बोंड, पाय खुंटलेले. शेजारी त्याचीच भावंडं, बोटं छान फुटलेली. नंतर छेद घेतले तर पुढचा मेंदू दोन भागांत विभागलेलाच नाही. १९९६ साली जे वर्णन छापून आलं होतं, तेच डोळ्यांसमोर. पीसीआर, म्हणजे डीएनएची तपासणी, केला तो फक्त वहीत लिहायला.

आमच्या गावी कागलकडं एकदा एकडोळं रेडकू जन्मलं होतं. आजीनं म्हशीच्या ग्रहणावर ढकललं. अमेरिकेत आयडाहोत मेंढ्यांना अशी कोकरं व्हायची, तिथं कारण निघालं कुरणातली एक वनस्पती. तिच्यातलं सायक्लोपामिन नेमका हाच हेजहॉगचा निरोप पेशींत पोचायचा मार्ग अडवतं. आमच्या रेडकाचं कारण काय होतं ते आता कोण सांगणार, पण त्या दिवशी ते फार आठवलं.

आता तक्रारी. पूर्ण नॉकआउट पिल्लं जन्मताच दगावतात, म्हणजे सगळं काम गर्भावरच. हेट आणि साधे उंदीर दिसायला अगदी सारखे, त्यामुळं कानाचा तुकडा घेऊन पीसीआर केल्याशिवाय जोडी लावूच नका. आम्हाला पाठवलेल्या नरांपैकी एकाच्या कार्डावर 'हेट' लिहिलेलं, निघाला साधा. तीन आठवडे त्याच्याकडून चारात एकाची वाट बघत बसलो. पुरवठादाराला मेल टाकला तर उत्तर आलं, 'कृपया पुन्हा तपासा.' तपासूनच लिहिलं होतं, बाबा.

आणि एक गोष्ट, जी विकणारे ठळक सांगत नाहीत. माणसात या जनुकाची एकच प्रत बिघडली तरी मेंदू-चेहऱ्याचे दोष येऊ शकतात, एकाच घरात कुणाला सौम्य, कुणाला भयंकर. उंदरात एक प्रत गेली तर काहीच दिसत नाही. त्यामुळं 'माणसाच्या आजाराची हुबेहूब प्रतिकृती' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. डोळे दोन कसे होतात, बोटं कशी फुटतात, हे बघायचं असेल तर मात्र याला तोड नाही. एमएस्सीच्या पोरांना पुस्तकातली तीन पानं वाचून जे कळलं नव्हतं, ते त्या एका गर्भानं दहा मिनिटांत कळलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कार्डाच्या चुकीसाठी कापला. एथिक्स कमिटीची परवानगी आधी हातात घ्या, आणि मागवायचेच तर दिवाळीनंतर मागवा. आम्ही ऐन मे महिन्यात आणले. दुपारी लाइट गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत बावीस अंशांची खोली तिशीला टेकली, मामा ओले टॉवेल दाराला लावत होते आणि त्या आठवड्यात एकाही मादीला प्लग दिसला नाही.