सदाशिव पेठेतील भौतिकशास्त्राचा उदाहरणवर्ग : एका पालकाचा अभिप्राय

सूत्रे तोंडपाठ असूनही उदाहरण समोर आले की गोंधळून जाणारी मुले पुण्यात घरोघरी आहेत. आमची दहावीतील मुलगी त्यांपैकीच एक. सदाशिव पेठेत एक निवृत्त प्राध्यापिका आपल्या राहत्या घरी दर रविवारी सकाळी नववी-दहावीच्या मुलांकडून प्रकाश, विद्युत आणि गती या विषयांची उदाहरणे सोडवून घेतात. त्या वर्गाचे एक सत्र पूर्ण झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

वर्गाचा एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. आकृती काढून, उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज वहीत लिहिल्याशिवाय सूत्रात आकडे घालायचे नाहीत. १० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या, म्हणजे समांतर किरण पलीकडे १० सेंटिमीटरवर नाभीपाशी एकत्र आणणाऱ्या, बहिर्वक्र भिंगासमोर ३० सेंटिमीटरवर वस्तू ठेवली, तर प्रतिमा कोठे मिळेल, हे उदाहरण घ्या. वस्तूचे अंतर चिन्ह संकेतानुसार ऋण धरले, की प्रतिमा भिंगाच्या पलीकडे १५ सेंटिमीटरवर, उलटी आणि निम्म्या आकाराची मिळते. ऋण चिन्ह विसरले, तर उत्तर साडेसात सेंटिमीटर येते. बहुतेक मुले ते चौकटीत लिहून मोकळी होतात. परंतु किरणाकृती आधी काढलेली असल्यामुळे नाभीच्या पलीकडे ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा दुसऱ्या बाजूच्या नाभीच्या अलीकडे येऊच शकत नाही, हे मुलीला स्वतःच दिसले आणि चूक कोणी न सांगता तिने दुरुस्त केली. घरी मी कितीदा "चिन्हे तपास" म्हटले असेल, त्याचा एवढा उपयोग झाला नव्हता.

विद्युतधारेच्या उदाहरणांसाठी बाईंनी एका लाकडी फळीवर जुन्या पद्धतीचे, तारेचे दोन पिवळे बल्ब बसवले आहेत, एक ६० वॅटचा आणि दुसरा १०० वॅटचा. एकसर जोडणीत, म्हणजे दोन्ही बल्ब एकाच मार्गात एकापुढे एक जोडले तर, कोणता अधिक उजळेल, असे विचारल्यावर जवळजवळ सर्वांनी १०० वॅट असे लिहिले. कळ बाईंनी स्वतः दाबली आणि प्रत्यक्षात ६० वॅटचा बल्ब अधिक उजळ दिसला. मग घरच्या विजेच्या २३० व्होल्टच्या वर्गाला (२३० × २३०) वॅटने भागून रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, काढायला लावले. ६० वॅटच्या बल्बचा रोध सुमारे ८८२ ओहम आणि १०० वॅटच्या बल्बचा ५२९ ओहम येतो. एकसर जोडणीत दोघांतून धारा सारखीच वाहते, म्हणून ज्याचा रोध अधिक त्यात शक्ती अधिक खर्च होते. घरातील समांतर जोडणीत प्रत्येक बल्बला मिळणारे विभवांतर (व्होल्ट) सारखे असल्याने नेमके उलट घडते.

गतीचा भाग मात्र तुलनेने तोकडा वाटला. सातारा रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी बस ब्रेक लावल्यावर एकसमान मंदन होऊन, म्हणजे वेग सारख्या दराने कमी होत, ५ सेकंदांत थांबली, तर ती २५ मीटर जाते; वेग दुप्पट आणि मंदन तेवढेच असेल, तर १०० मीटर. हे उदाहरण उत्तम आहे, कारण दुप्पट वेगाला दुप्पट अंतर लागेल हा मुलांचा अंदाज तेथे सपशेल कोसळतो. परंतु वेग-काल आलेखावरून अंतर व त्वरण काढण्याची उदाहरणे सत्रभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली, ही उणीव बाईंनी भरून काढायला हवी. सरावपत्रिकांच्या छायाप्रतीही फिकट असतात. काही आकृत्यांतील बाणांची दिशा कळत नाही.

धडा येथे शिकवला जात नाही, त्यामुळे शाळेत तो झालेला नसेल तर मूल मागे पडते. सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी फळ्यावर मराठी व इंग्रजी अशा दोन्ही संज्ञा लिहिल्या जातात. शुल्क सत्राच्या आरंभी एकरकमी द्यावे लागते आणि इमारतीत वाहन लावायला जागा नाही, म्हणून मुलांनी बसने किंवा सायकलने यावे हे बरे.